दाताच्या खुर्चीत साखरेची तपासणी

दाताच्या डॉक्टरांची मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीमधल्या फटीत अलगद उतरते. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटरवर थांबते. ५च्या पुढे गेली, रक्त आलं, दात हलत असले, तर मधुमेहाचीही शंका घ्यावी. वाढलेल्या साखरेने जंतूंशी लढण्याची ताकद घटते, हिरड्या सुजतात; आणि ही सूज उलट साखर चढवते. म्हणूनच तिथल्या तिथे बोटातून थेंबभर रक्त घेऊन एचबीए१सी बघणं मला फार मोलाचं वाटतं. दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर त्यात कळते, उपाशीपोटी जावं लागत नाही. आकडा ६.५ टक्के किंवा जास्त आला, तर प्रयोगशाळेत खात्री करून लगेच आपल्या डॉक्टरांना दाखवा.