जिन्याच्या पायथ्याशी मांडलेले ड्रम

इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात हेडली ग्रेंज नावाची अठराव्या शतकातली इमारत आहे. पूर्वी तिथे निराधारांना ठेवत. लेड झेपलिन हा बँड ध्वनिमुद्रणासाठी तिथे उतरला, तेव्हा अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने जॉन बॉनहॅमचे ड्रम उंच छताच्या दालनात, जिन्याच्या पायथ्याशी मांडले आणि वरच्या कठड्यावरून फक्त दोन माइक खाली सोडले. 1971 सालच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्यातला तो घुमारा तिथला. पुढे 1986 मध्ये बीस्टी बॉइजने तोच ठेका उचलून हिप-हॉपमध्ये नेला.

श्रेय बहुतेक जण जिन्याला देतात. पण माइक इतके लांब असले की झांज वाढली किंवा बास ड्रम दबला, तर नंतर सुधारायला फारसा वाव उरत नाही. तोल वादकाच्या हातापायांतच असावा लागतो. बॉनहॅमची ख्याती दणकट वादक म्हणून. त्याची खरी कमाई मात्र हा तोल.

31 मे 1948 रोजी रेडिच इथे जन्मलेला हा मुलगा पाचव्या वर्षापासून डबे बडवत होता. शिकवणी नाही. शाळा सुटल्यावर वडिलांच्या हाताखाली सुतारकाम केले. बँड ऑफ जॉयमधला जोडीदार रॉबर्ट प्लांट याने 1968 मध्ये त्याचे नाव लेड झेपलिन उभारत असलेल्या जिमी पेजला सुचवले. बँडच्या पहिल्याच अल्बममधल्या 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'मध्ये बास ड्रमवरच्या भरभर पडणाऱ्या जोडठोक्यांमुळे अनेकांना दोन पेडल असल्याचा भास झाला. पेडल एकच होते, पाऊलही एकच.

'मोबी डिक'च्या एकल वादनात तो काठ्या टाकून नुसत्या हातांनी वाजवी. 'फूल इन द रेन'मध्ये (1979) स्नेअरवर इतके हलके ठोके आहेत की कान देऊनच ऐकावे लागतात. गाण्याचा झुलता ठेका त्यांच्यामुळेच येतो. 'फोर स्टिक्स'साठी त्याने प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरल्या. 1972 मध्ये पेज आणि प्लांट यांनी हेच गाणे मुंबईत इथल्या वादकांसह ध्वनिमुद्रित केले, तेव्हा बॉनहॅम सोबत नव्हता. ते 2015 साली 'फोर हँड्स' या नावाने बाहेर आले. दोन्ही लागोपाठ ऐकावीत.

दारूने त्याचा घात केला. 25 सप्टेंबर 1980 रोजी, 32 व्या वर्षी, तो पेजच्या घरी मृतावस्थेत आढळला. दोनच वर्षांपूर्वी ड्रमर कीथ मून गेल्यावर 'द हू' या बँडने नवा ड्रमर घेतला होता. लेड झेपलिनने मात्र 4 डिसेंबर 1980 रोजी थांबत असल्याचे जाहीर केले.