साधर्म्यावरून संकटाचा अंदाज

नव्या शेतात विहीर खणावयाची असता शेतकरी प्रथम शेजारच्या विहिरींची चौकशी करतो. पाणी किती हातांवर लागले, खडक कोणता निघाला, उन्हाळ्यात विहीर आटते काय, हे तो विचारतो. मात्र काटोलकडील काळ्या खडकातल्या विहिरीवरून कुहीकडील विहिरीचा अंदाज बांधल्यास तो फसण्याचा संभव असतो; कारण दोन्हीकडील खडक भिन्न आहेत. ज्वालामुखीचा धोका अजमावण्याची एक शास्त्रीय पद्धत याच व्यवहारज्ञानावर उभी आहे.

मनुष्याने लिहून ठेवलेल्या नोंदी काही शतकांच्या, तर ज्वालामुखीची निद्रा कित्येकदा हजारो वर्षांची असते. त्यामुळे पुष्कळ ज्वालामुखींचा पूर्वेतिहास तुटपुंजा आहे. अशा वेळी शास्त्रज्ञ त्यांच्याशी साधर्म्य असणाऱ्या, परंतु अधिक अभ्यासिलेल्या ज्वालामुखींचा आधार घेतात.

अंदमानातील बॅरन बेट हे याचे आपल्या देशातील उदाहरण होय. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येस सुमारे १३५ किलोमीटरवरील हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. १७८७ साली त्याच्या उद्रेकाची नोंद झाली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर तो दीर्घकाळ शांत राहिला आणि १९९१ साली पुन्हा जागा झाला. बेट निर्मनुष्य असल्यामुळे जवळून पाहून लिहिलेल्या नोंदी थोड्या आहेत.

अशा ज्वालामुखीचे सोबती निवडताना चार गोष्टी पाहाव्या लागतात : भूकवचाच्या पट्टांची रचना, शिलारसाचे घटक, पर्वताचा आकार आणि उद्रेकाची रीत. बॅरन बेटावर मुख्यतः बेसाल्ट आढळतो. हवाई बेटांवरही तोच आढळतो. तरीही केवळ हवाईवरून बॅरनचा अंदाज बांधणे योग्य नव्हे. बॅरन हा एक पट्ट दुसऱ्याखाली सरकतो त्या सीमेवर आहे. हवाई तशा सीमेवर नाही. अशा सीमेवरील शिलारसात पाण्याची वाफ सामान्यतः अधिक असते आणि वाफ अधिक असली की स्फोटाचा संभव वाढतो.

सोबती निवडल्यावर त्यांच्या उद्रेकांची गणना करतात. समजा, सदृश ज्वालामुखींच्या शंभर उद्रेकांपैकी नव्वद लहान व दहा मोठे होते. मग अपुऱ्या माहितीच्या ज्वालामुखीसाठी हेच प्रमाण प्रारंभीचा अंदाज म्हणून धरतात. पुढे तेथील राखेचे थर, भूकंपांची नोंद व वायूंचे मापन हाती आले की तो अंदाज सुधारतात. एकाच सोबत्यावर विसंबणे धोक्याचे असते.

तुलनेने नवे प्रश्नही सुचतात. इंडोनेशियातील अनाक क्राकाताऊ बेटाचा कडा २२ डिसेंबर २०१८ रोजी समुद्रात कोसळला आणि उसळलेल्या लाटांनी चारशेहून अधिक माणसे दगावली. यावरून बॅरनचेही तसेच होईल असे ठरत नाही. परंतु त्याचे उतार तपासले पाहिजेत, एवढे निश्चित ठरते.

या पद्धतीने प्राणही वाचले आहेत. फिलिपीन्समधील पिनातुबो पर्वत सुमारे पाचशे वर्षे शांत होता. त्याचा उद्रेक पाहिलेला कोणीही हयात नव्हता. तेथील जुने थर तपासून शास्त्रज्ञांनी धोका ओळखला. लोकांना व अधिकाऱ्यांना तो पटावा म्हणून इतर ज्वालामुखींच्या उद्रेकांची चित्रफीत दाखविण्यात आली. १५ जून १९९१ च्या महास्फोटापूर्वी हजारो लोक दूर हलविले गेले होते.

तथापि केवळ बाह्यरूप सारखे दिसले म्हणून साधर्म्य मानू नये. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे वाटोळे सरोवर एके काळी ज्वालामुखीचे मुख मानले जाई. प्रचंड आघातानेच घडतात असे बदल तेथील खडकांत आढळले आणि ते उल्कापातामुळे झालेले विवर असल्याचे सिद्ध झाले.

नागपूरच्या सीताबर्डीची टेकडीही लाव्ह्याच्या खडकाची आहे. तेव्हा “येथे ज्वालामुखी पुन्हा पेटेल काय?” असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला आणि ती क्रिया केव्हाच संपली, असे शिक्षकांनी निःशंकपणे सांगावे. १९९३ चा किल्लारीचा भूकंपही ज्वालामुखीमुळे झाला नव्हता, हेही स्पष्ट करावे. म्हणजे अफवांना थारा मिळणार नाही.

वर्गात ही पद्धत समजाविण्यास गावच्या विहिरी पुरेशा आहेत. विद्यार्थ्यांकडून दहा विहिरींची खोली, खडक व उन्हाळ्यातील पाणी यांची नोंद करवावी. मग अकराव्या विहिरीचा अंदाज त्यांना बांधावयास सांगावा आणि प्रत्यक्ष मोजमापाशी तो ताडून पाहावा. कोणती विहीर कोणत्या कारणाने सोबतीस घेतली, हे प्रत्येकाने सांगितलेच पाहिजे. अंदाज चुकला तरी हरकत नाही. तो कशामुळे चुकला हे कळले, की तुलना कशाची कशाशी करावी याचा विवेक विद्यार्थ्यांच्या अंगी येऊ लागतो.