पायांवरील शिरांचे जाळे : ओळख व उपचार



परळ-लालबागच्या कापड गिरण्यांत साच्यांपुढे उभे राहून पाळी भरणारे अनेक कामगार मूळचे कोकणातले व घाटावरचे शेतकरीच होते. तासन् तास उभे राहिल्याने पायांच्या शिरांवर ताण येतो. भातलावणी, द्राक्षांची प्रतवारी, गुऱ्हाळ या कामांतही हाच ताण असतो. पण जखम होईपर्यंत अनेक जण पायांकडे पाहत नाहीत.

असे का होते?

विहिरीवरील पंपाचा फूटव्हॉल्व्ह चढलेले पाणी मागे येऊ देत नाही. पायांच्या शिरांतही अशाच झडपा असतात आणि पोटरीचे स्नायू पंपाप्रमाणे रक्त वर ढकलतात. झडपा निकामी झाल्यास रक्त खाली साचून शिरा फुगतात. आनुवंशिकता, गरोदरपण, वाढते वय व लठ्ठपणा हीही कारणे आहेत.

ओळख

कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल-निळ्या बारीक रेषांना स्पायडर व्हेन्स म्हणतात. त्या बहुधा निरुपद्रवी असतात. दोरीसारख्या जाड, वेड्यावाकड्या शिरा म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स. घोट्याजवळ सूज, खाज व काळसर त्वचा ही जखमेची पूर्वसूचना समजावी.

उपचार

१) सलग उभे राहू नये, अधूनमधून चालावे. विश्रांती घेताना पाय छातीपेक्षा उंच ठेवावेत.

२) दाब देणारे मोजे डॉक्टरांच्या सल्ल्याने, सकाळी उठताच घालावेत. मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांनी पायांचा रक्तपुरवठा आधी तपासून घ्यावा.

३) बारीक शिरा औषधाचे इंजेक्शन देऊन बंद करतात. गरोदरपणात हा उपचार टाळतात.

४) जाड शिरांची डॉप्लर सोनोग्राफी करून लेसर, रेडिओलहरींची उष्णता किंवा शस्त्रक्रिया यांतून योग्य उपचार ठरवतात.

तातडीची वेळ

शीर फुटून रक्त आल्यास आडवे होऊन पाय उंच करावा व स्वच्छ कापडाने दाबून धरावे. एकाच पायाला अचानक सूज येऊन तो दुखू लागल्यास आत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी मालिश करू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जखमेवर झाडपाला बांधून दिवस घालवू नयेत. झडपेचा दोष लेपाने जात नाही. प्रथम जिल्हा रुग्णालयात दाखवावे. परळला नातेवाइकांकडे उतरून महापालिकेच्या, १९२६ साली सुरू झालेल्या केईएम रुग्णालयात दाखवण्याची जुनी वाटही खुली आहे. फूटव्हॉल्व्ह गळू लागला की आपण तो लगेच वर काढून पाहतो. पायांच्या बाबतीतही तेवढीच तत्परता दाखवावी.