मोटार जुनी होते ती कशी?

मोटारगाडी दोन प्रकारांनी जुनी होते. एक प्रकार लोखंडाचा. पत्रा गंजतो, इंजिन धूर ओकू लागते, गियर टाकताना कुरकुर ऐकू येते. दुसरा प्रकार नजरेचा. गाडी काल होती तशीच आजही असते, कळ दाबताच सुरू होते. पण शेजाऱ्याच्या दारात नव्या घाटाची गाडी येऊन उभी राहते आणि हिच्यावर एका रात्रीत म्हातारपण येते. पहिला जुनेपणा काळ आणतो. दुसरा माणसांनी, चांगला विचार करून, कारखान्यात घडवला. तो केव्हा आणि कसा घडला याची हकीकत अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या इतिहासात सापडते.

या शहराला मोटारींचे शहर बनवणारा हेन्री फोर्ड हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याची दृष्टीही शेतकऱ्याचीच होती: अवजार मजबूत असावे, स्वस्त असावे, आणि एकदा घेतले की वर्षानुवर्षे चालावे. १९०८ साली त्याने ‘मॉडेल टी’ बाजारात आणली आणि १९२७ पर्यंत जवळजवळ तीच गाडी तो बनवत राहिला. अशा सुमारे दीड कोटी गाड्या निघाल्या. आरंभी ८५० डॉलरांना मिळणारी ही गाडी पुढे तीनशे डॉलरांच्या आत मिळू लागली. १९१४ पासून दहाबारा वर्षे तिचा रंगही एकच होता, काळा. गाडी बदलण्याचे कारण फोर्डने गिऱ्हाइकाला कधी दिलेच नाही; आणि त्याची अडचण निर्माण झाली ती नेमकी येथेच. १९२० नंतरच्या काही वर्षांत ज्यांना मोटार परवडत होती अशा बहुतेक कुटुंबांच्या दारी ती आली. आता नवी विकायची कोणाला?

या प्रश्नाचे उत्तर आल्फ्रेड स्लोन याने शोधले. तो १९२३ साली जनरल मोटर्स या कंपनीचा अध्यक्ष झाला. दुकानात येणारा गिऱ्हाईक आता रिकाम्या हाताने येत नाही, आपली जुनी गाडी मोडीत घालायला घेऊन येतो, हे त्याने हेरले. ती जुनी गाडी थोडी डागडुजी होऊन पुन्हा विकली जाई, आणि तिची किंमत फोर्डच्या कोऱ्या गाडीच्या आसपास असे. ज्याला नुसते येथून तेथे जायचे आहे त्याची गरज वापरलेली मोटार भागवू लागली. म्हणजे फोर्डचा खरा प्रतिस्पर्धी जुनी गाडीच होती! साहजिकच नवी गाडी विकायची तर नुसत्या प्रवासापेक्षा काहीतरी अधिक विकणे भाग होते.

ते ‘अधिक’ हळूहळू जमत गेले. हप्त्याने पैसे फेडण्याची सोय कंपनीने १९१९ सालीच केली होती. मग लवकर वाळणारा ‘ड्यूको’ रंग आला. पूर्वी जे रंगकाम पुरे व्हायला दिवसचे दिवस लागत ते तासांवर आले आणि निळ्या-हिरव्या गाड्या रस्त्यात दिसू लागल्या. १९२७ साली हार्ली अर्ल नावाचा गृहस्थ कंपनीत आला. तो पूर्वी कॅलिफोर्नियात सिनेनटांसाठी खास घाटाच्या गाड्या सजवून देत असे. मोटारीला नटवावे कसे हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याच्या हाताखाली रंगरूपाचा एक स्वतंत्र विभागच उघडण्यात आला, आणि दरसाल गाडीचे रूप पालटण्याची प्रथा तेथे रुजली.

दरसाल रूप पालटणे म्हणजे दरसाल नवे यंत्र बनवणे नव्हे. गाडीचा सांगाडा आणि इंजिन काही वर्षे तेच राहते. बदलते ती वरची कात. समोरची जाळी, दिव्यांची ठेवण, चकचकीत पट्ट्या, मागच्या पत्र्याचे वळण. पत्र्याला वळण देणारे पोलादी साचे अतिशय महाग असतात, आणि दरसाल ते बदलायचे तर खर्च लाखो गाड्यांवर पसरावा लागतो. ज्यांचा खप थोडा त्यांना हा खेळ झेपला नाही. १९५४ साली नॅश व हडसन या कंपन्या एकत्र झाल्या. पॅकार्ड ही त्याच वर्षी स्टुडिबेकरशी जोडली गेली, आणि १९६६ साली स्टुडिबेकरचीही शेवटची मोटार निघाली.

या नटव्या कलेचा कळस म्हणजे मोटारीला फुटलेले पंख. एका लढाऊ विमानाची शेपटी पाहून अर्लच्या मंडळींना ही कल्पना सुचली. १९४८ च्या कॅडिलॅकवर हे पंख इवलेसे होते. ते वाढत वाढत १९५९ मध्ये एवढे उंच झाले की गाडी आता उडते की काय असे वाटावे. त्यांचा उपयोग एवढाच, की मागून पाहणाऱ्यालाही गाडी कोणत्या सालची आहे हे कळे. माणसाचे वैभव किती ताजे आहे ते रस्त्यावर वाचता येऊ लागले.

या हौसेची किंमत किती? फिशर, ग्रिलिकेस आणि केसेन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ साली तिचा हिशेब मांडला. १९४९ सालच्या गाडीचाच आकार आणि तेवढीच शक्ती कायम ठेवली असती तर किती वाचले असते, असा त्यांचा प्रश्न होता. १९५६ ते १९६० या काळात दरवर्षी सुमारे पाचशे कोटी डॉलर, हे त्यांचे उत्तर. त्यात नव्या साच्यांचा खर्च होता, वाढत्या आकाराचा आणि शक्तीचा होता, आणि त्यापायी जळालेल्या जादा पेट्रोलचाही होता. लोक फसले असे मात्र या पंडितांनी म्हटले नाही. लोकांनी ही किंमत खुषीने मोजली होती.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. श्रीमंताने दोन वर्षांत टाकलेली गाडी मजुराच्या घरी येई. तिच्यामुळेच कित्येकांना मोटार लाभली. शिवाय प्रत्येक नवी गोष्ट नुसता नखराच असते असे नाही. आसनपट्टा, धूर शुद्ध करणारे यंत्र हे बदल नक्कीच मोलाचे. पण गंमत अशी, की अमेरिकेत हे दोन्ही सरसकट आले ते सरकारी नियमांनी, अनुक्रमे १९६८ आणि १९७५ च्या गाड्यांपासून. दरसालच्या रूपपालटात तोवर त्यांना मानाची जागा मिळाली नव्हती.

मोटारीने लावलेली ही सवय पुढे डोंगरात भटकण्याच्या सामानालाही जडली. तंबू, पाठीवरची सॅक, बूट, पावसाळी जाकीट: यांतही दर मोसमाला नवा रंग आणि जुन्यापेक्षा काही ग्रॅमांनी हलका नवा नमुना येतो. पावसाळी जाकिटाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या आत पाणी अडवणारा पातळ पडदा असतो आणि वरच्या कापडावर पाणी झटकणारा लेप. मळाने व घामाने तो लेप मंदावतो, वरचे कापड भिजते, अंगाला ओल जाणवते, आणि मालक समजतो की जाकीट गळू लागले. पुष्कळदा ते नीट धुऊन बेताची ऊब दिली, किंवा लेप पुन्हा चढवला, की काम भागते. ते न करता नवे घेतले जाते. पॅटागोनिया या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात स्वतःच्याच जाकिटाचे चित्र छापून ‘हे विकत घेऊ नका’ अशी जाहिरात दिली. एका जाकिटापायी १३५ लिटर पाणी खर्ची पडते, असे त्यात सांगितले होते. पुढल्या वर्षी कंपनीची विक्री वाढली!

भारतात ही सवय उशिरा आली, आणि त्याचे श्रेय काटकसरीला देण्याचे कारण नाही. निवडायला दुसरे काही नव्हते. अँबॅसडर मोटार थोड्याफार फरकाने १९५० नंतरच्या दशकापासून २०१४ पर्यंत निघत होती, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, पुढे पद्मिनी झालेली, मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या चालवली. तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. दरम्यान १९८३ साली मारुती आली, १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, आणि हप्त्यांची सोय झाली. डेट्रॉइटचे सारे साहित्य येथे जमले.

त्याचा हिशेब विम्याच्या कोष्टकात पाहता येतो. कोरी गाडी सहा महिन्यांची झाली की तिच्या किमतीतून पाच टक्के घट धरली जाते, वर्षाअखेर पंधरा, तीन वर्षांअखेर तीस, पाच वर्षांअखेर पन्नास. बाजारभाव अगदी या कोष्टकाबरहुकूम चालतो असे नाही, पण दिशा तीच. दहा लाखांची मोटार दर तीन वर्षांनी बदलणाऱ्याचे प्रत्येक खेपेस तीन लाख गेले. पंधरा वर्षांत पाच खेपा, म्हणजे पंधरा लाख, आणि नोंदणी व रस्ताकर पाच वेळा वेगळा. एकच गाडी पंधरा वर्षे वापरणाऱ्याचे किमतीपोटी फार तर दहा लाख जातात. दुरुस्तीचा खर्च त्याला अधिक पडतो, हे खरे. पण उरलेल्या पाच लाखांत आणि चार वेळच्या करात मेकॅनिकची पुष्कळ बिले भागतात.