भीतीचा हिशेब

नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांची भयकथा वाचताना अंधाऱ्या खोलीचे दार कथेतला माणूस उघडतो. आपण त्याच्या मागे अंग चोरून उभे असतो. व्हिडिओ गेममध्ये ते दार आपल्यालाच उघडावे लागते. ‘सर्व्हायव्हल हॉरर’, म्हणजे जीव वाचवत पुढे सरकण्याचे भयखेळ, मी बरीच वर्षे खेळतो आहे. त्यातला चांगला खेळ कसा ओळखावा, याचे माझे उत्तर सोपे आहे : जो पावलोपावली खेळणाऱ्याला हिशेब करायला लावतो, तो चांगला.

हे नाव रूढ केले ते जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ने, 1996 साली. दिग्दर्शक शिंजी मिकामी. त्याची बीजे याच कंपनीच्या 1989 च्या ‘स्वीट होम’मध्ये होती. ‘रेसिडेंट ईव्हिल’मधल्या वाड्यात ख्रिसला फक्त सहा वस्तू बाळगता येतात, जिलला आठ. पिस्तूल, गोळ्या, किल्ली, औषधी पाला, प्रत्येकाला जागा लागते. खेळ सेव्ह करायचा तर टाइपरायटर गाठायचा आणि त्यासाठी मोजक्याच मिळणाऱ्या रिबनी जवळ ठेवायच्या. अशा वेळी समोर झॉम्बी आला, की प्रश्न पडतो : मारावा की चुकवावा? मारला तर गोळ्या संपतात. चुकवला तर परतताना तो त्याच बोळात उभा असतो. हाताशी शंभर गोळ्या असत्या, तर हाच झॉम्बी नेमबाजीचा पुठ्ठा झाला असता.

टंचाई माहितीचीही असते. कोनामीच्या 1999 च्या ‘सायलेंट हिल’मध्ये गावभर धुके आहे. प्लेस्टेशनला दूरवरचे दृश्य रंगवणे झेपत नव्हते. ती उणीव धुक्याने झाकली आणि तेच खेळाचे बळ ठरले. राक्षस जवळ आला की रेडिओ खरखरतो, पण धुक्यात दिसत काहीच नाही.

स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने 2010 च्या ‘अॅम्नेशिया : द डार्क डिसेंट’मध्ये शस्त्रच काढून घेतले. अंधारात थांबावे तर नायकाचे मन ढासळते. कंदील लावावा तर तेल जळते आणि राक्षसाला आपण दिसतो. ‘एलियन : आयसोलेशन’मध्ये (2014) हालचाल टिपणारे यंत्र हाती असते, पण त्याचा आवाज जवळच्या एलियनलाही ऐकू जातो. सुटकेच्या प्रत्येक वाटेला किंमत आहे.

मात्र हिशेब चोख हवा. सूचना न देता खेळ वारंवार मारू लागला, तर भीती ओसरते आणि उरतो वैताग. मेल्यावर ‘आपला निर्णय चुकला’ असे वाटले, तरच माणूस पुन्हा सुरुवात करतो. विसावाही हवा. ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये टाइपरायटरच्या खोलीत शांत संगीत वाजते, ते ऐकून जीव भांड्यात पडतो, म्हणून पुढचे दार जड वाटते.

या खेळांत माणसाचा स्वभावही उघडा पडतो. कोणी पहिल्याच खोलीत गोळ्या उधळतो, कोणी शेवटपर्यंत साठवत राहतो. टंचाईत आपण कसे वागतो, हे जिवाला धोका नसताना पाहायला मिळणे, हेच मला या भीतीचे खरे मोल वाटते.