गॉवर्स पितापुत्र आणि आपले डिस्चार्ज कार्ड

जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकीत, जणू आपल्याच अंगावर चढत उभे राहू लागले की बालरोगतज्ज्ञाच्या मनात ‘गॉवर्स साइन’ हे शब्द उमटतात. डूशेन स्नायुविकारातील या खुणेला ज्यांचे नाव मिळाले, ते लंडनचे सर विल्यम गॉवर्स आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांचे चिरंजीव सर अर्नेस्ट गॉवर्स (१८८०-१९६६) मात्र वैद्यकाच्या विद्यार्थ्याला सहसा भेटत नाहीत. पित्याने चेतासंस्थेच्या विकारांचे निदान केले. पुत्राने सरकारी इंग्रजीच्या विकारांचे.

अर्नेस्ट हे सनदी अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात लंडन विभागाच्या नागरी संरक्षणाची धुरा त्यांच्याकडे होती. युद्धोत्तर काळात ब्रिटिश ट्रेझरीच्या विनंतीवरून त्यांनी सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ (१९४८) ही पुस्तिका लिहिली. पुढे तिचा विस्तार होऊन १९५४ मध्ये ‘द कम्प्लीट प्लेन वर्ड्स’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यातील उपचारपद्धती सोपी आहे: अनावश्यक शब्द काढावा, परिचित शब्द निवडावा, अमूर्तापेक्षा मूर्त शब्द पसंत करावा आणि वाचणारा हा माणूस आहे याचे भान ठेवावे. ‘इन द इव्हेंट दॅट’ऐवजी ‘इफ’, ‘प्रायर टू’ऐवजी ‘बिफोर’, ‘कमेन्स’ऐवजी ‘बिगिन’ ही अशा शस्त्रक्रियेची नेहमीची उदाहरणे होत.

हा विचार पुस्तकातच राहिला नाही. १९७९ मध्ये क्रिसी माहेर या बाईंनी लंडनच्या पार्लमेंट चौकात दुर्बोध सरकारी अर्जांच्या चिंध्या करून ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ सुरू केली. अमेरिकेत २०१० साली सरकारी लेखन सुबोध असावे असा कायदाच झाला. आणि २०१८ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय रॉयल कॉलेजांच्या अकादमीने डॉक्टरांना सुचविले की, बाह्यरुग्ण विभागातील तपासणीनंतरचे पत्र थेट रुग्णाला उद्देशून लिहावे, आणि त्याची प्रत त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला द्यावी.

येथे विषय आपल्या दाराशी येतो. आपल्या वडोदऱ्यात घरी मराठी वा गुजराती बोलणाऱ्या मातेच्या हाती आपण बहुधा इंग्रजी डिस्चार्ज कार्ड ठेवतो. अतिसारातून बऱ्या होणाऱ्या बालकाच्या कार्डावर आढळणारे एक वाक्य पाहा: ‘अ‍ॅडिक्वेट हायड्रेशन टु बी मेन्टेन्ड.’ अवघे पाच शब्द. पाल्हाळ म्हणावा तर मुळीच नाही. परंतु कोणी काय द्यावयाचे, किती, केव्हा, यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही. कर्मणी प्रयोगात कर्ताच नाहीसा झाला आहे, आणि कर्ता म्हणजे ती माताच होय!

हे वाक्य सुबोध करावयास बसले की प्रथम त्यातील पोकळी दिसते. ती भरल्यावर मजकूर असा होतो: ‘प्रत्येक पातळ जुलाबानंतर बाळाला ओआरएसचे पाणी पाजा. दोन वर्षांखालील बाळाला दर वेळी ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूड विरघळवा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा द्या. अंगावरचे दूध व जेवण बंद करू नका.’ मजकूर वाढला, पण आता तो कृतीत उतरू शकतो. सुबोधता आणि संक्षेप या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे संपादनाचे मर्म येथे ध्यानी येते.

‘रिपोर्ट इमिजिएटली इन केस ऑफ डिटिरिओरेशन’ या वाक्याचीही तीच गत. डिटिरिओरेशन आपल्याला दिसते. आईला दिसते ते मूल पाणी पिईनासे झालेले, डोळे खोल गेलेले, गुंगीत पडलेले, शौचातून रक्त आलेले. जे तिला दिसणार तेच लिहावे. घरी वेळेवर ओआरएस मिळणे वा न मिळणे यावर बालकाचे जीवित अवलंबून असू शकते. म्हणून हा केवळ भाषाशैलीचा प्रश्न नव्हे.

सोपे लिहिल्याने विद्वत्तेला उणेपणा येतो, अशी शंका काही सन्मित्र घेतात. तांत्रिक संज्ञांना माझा विरोध नाही. सहव्यवसायी डॉक्टरसाठी ‘डिहायड्रेशन’ हाच नेमका शब्द आहे. त्याच्यासाठी कार्डाचा वरचा भाग राखावा; खालचा भाग मात्र आईचा, आणि शक्यतो तिच्या भाषेत असावा.

आपल्या सभासदांनी आपापल्या रुग्णालयातील छापील सूचनांपैकी एक तरी या दृष्टीने तपासावी. परीक्षा साधी आहे. कागद पालकाच्या हाती द्यावा आणि ‘घरी गेल्यावर काय काय कराल, ते मला सांगा,’ असे विचारावे. उत्तर जेथे अडखळेल, तेथे लाल पेन्सिल आपल्या वाक्यावर चालवावी.