घडीचा जुना कॅमेरा घेताना आधी भाता पाहावा

कोडॅकने १९०१ मध्ये बाजारात आणलेली १२० क्रमांकाची फिल्म आजही तयार होते. इल्फर्ड, कोडॅक आणि झेक प्रजासत्ताकातील फोमा या कंपन्यांच्या फिल्म भारतातही मिळतात. त्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीचा घडीचा कॅमेरा ही केवळ शोभेची वस्तू राहत नाही. मुंबईच्या चोरबाजारात, दिल्लीतील चांदणी चौकाच्या गल्ल्यांत किंवा आजोबांच्या कपाटात असा कॅमेरा हाती लागला, तर तो घ्यावा की नाही, दुरुस्तीवर खर्च करावा की नाही, हा प्रश्न उभा राहतो. एका रोलमध्ये फार तर १६ छायाचित्रे निघतात आणि फिल्म व ती धुण्याचा खर्च पाहता प्रत्येक चित्र महागात पडते. तेव्हा हा प्रश्न क्षुल्लक नाही.

या कॅमेऱ्याचे आकर्षण त्याच्या निगेटिव्हमध्ये आहे. ६ बाय ६ सेंटिमीटरच्या चौकटीचे क्षेत्रफळ नेहमीच्या ३५ मिलिमीटर चौकटीच्या साडेतीन पटींहून अधिक भरते. तरीही भिंग मागे ढकलून झाकण मिटले, की कॅमेरा कोटाच्या खिशात मावतो. ६ बाय ९ आकारात एका रोलवर ८, ६ बाय ६ मध्ये १२, तर ६ बाय ४.५ मध्ये १६ चित्रे येतात. नवशिक्याने ६ बाय ६ निवडावा. कॅमेरा उभा धरावा की आडवा, हा विचारच उरत नाही.

खरेदीपूर्वी फिल्मचा क्रमांक पाहणे अत्यावश्यक आहे. कोडॅकच्या अनेक घडीच्या कॅमेऱ्यांना ६२० क्रमांकाची फिल्म लागते. फिल्मची रुंदी तीच, मात्र रीळ बारीक. कोडॅकने तिचे उत्पादन १९९५ मध्ये थांबवले. आता १२० ची फिल्म अंधारात जुन्या रिळावर गुंडाळून घ्यावी लागते. हौशी माणसाला ते जमते, पण दर रोलला हा खटाटोप करण्याची तयारी हवी.

यानंतर भाता. कातडी किंवा कापडी घड्यांचा हा भाग प्रकाश अडवतो आणि सर्वप्रथम तोच झिजतो. मागचे झाकण उघडून अंधाऱ्या खोलीत आत छोटी विजेरी लावावी व बाहेरून घड्यांचे कोपरे न्याहाळावेत. सुईच्या टोकाएवढे छिद्रही प्रत्येक चित्रावर पांढरट डाग उमटवते. युद्धोत्तर काळातील आग्फा आयसोलेटचे भाते या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत. याच कॅमेऱ्यांतील हिरवट ग्रीस कालांतराने इतके घट्ट होते, की अंतर जुळवण्याचे पुढचे कडे फिरतच नाही. एरवी आयसोलेट चांगला कॅमेरा आहे; दुरुस्त केलेला मिळाला तर अवश्य घ्यावा.

शटर एक सेकंदावर लावून ऐकावे. ते अडखळले किंवा उघडेच राहिले, तर आतील वंगण सुकले आहे असे समजावे. बहुतेक वेळा जाणकार कारागीर ते साफ करून देतो. जुन्या कॉम्पूर शटरमधील सेल्फ टायमरला मात्र हात लावू नये. तो मध्येच अडकला तर शटरच बंद पडते. भिंगातील बुरशी हा आपल्या दमट किनारपट्टीवरील नेहमीचा शत्रू. वरवरची असेल तर ती पुसता येते. काचेवर वा तिच्या लेपावर खोल ओरखडे उमटले असतील, तर कॅमेरा परत ठेवावा. भिंगाची चौकट झाकणाच्या सांगाड्यावर घट्ट, फिल्मला समांतर उभी राहते का, हेही बोटाने हलवून पाहावे. ती डुगडुगत असेल, तर झाइसचे टेसार भिंगही चित्राची एक बाजू धूसर करील.

सुपर आयकॉन्टा किंवा बेसा-२ यांसारख्या रेंजफाइंडर जोडलेल्या कॅमेऱ्यांना संग्राहकांकडून मोठी मागणी आहे आणि किंमतही तशीच आहे. सोव्हिएत संघात सुपर आयकॉन्टाच्या धर्तीवर घडवलेला मॉस्क्वा-५ हा त्यांना स्वस्त पर्याय. मात्र प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते पहिल्या कॅमेऱ्यासाठी झाइस आयकॉनचा साधा नेटार किंवा फोक्टलेंडरचा पर्केओ पुरेसा आहे. अंतर डोळ्यांनी अजमावावे लागते, हे खरे. पण ७५ मिलिमीटर भिंगावर एफ-११ आणि दहा मीटर ठेवले, तर सुमारे पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते.

पहिला रोल भरल्यावर दोन गोष्टी सांभाळाव्यात. मागील लाल खिडकीतून फिल्मच्या कागदावरील आकडे दिसतात. ही खिडकी आजच्या फिल्मच्या पूर्वीच्या काळातील, लाल प्रकाश न जाणणाऱ्या फिल्मसाठी केलेली. आजची फिल्म लाल प्रकाशही टिपते. म्हणून फिल्म पुढे सरकवताना सावलीत उभे राहावे आणि खिडकीला झाकण असल्यास ते लगेच लावावे. दुसरे म्हणजे, कॅमेरा झटक्याने उघडू नये. भाता पसरताना आत हवेची पोकळी निर्माण होऊन फिल्म पुढे ओढली जाते आणि चित्राची स्पष्टता जाते. आधी सावकाश उघडावा, मग फिल्म पुढच्या आकड्यावर आणावी.